परिवलन, ध्रुवण आणि उच्च ऊर्जेचे प्रकीर्णन : मुंबईच्या दोन संशोधनांच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या काठावरील, पारनेर तालुक्यातील निघोज या गावांच्या दरम्यान कुकडी नदीच्या पात्रात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खडकातील लहानशा खोलगटात अडकतात, भोवऱ्यात सापडून गरगर फिरतात आणि फिरता फिरता काळ्या बसाल्टात रांजणासारखे खोल खळगे कोरतात. पाणी ओसरल्यावर तेथे जाणाऱ्यास फिरणारा दगड दिसत नाही. दिसतो तो खळगा. त्याच्या गुळगुळीत, गोल भिंतींवरूनच आत काहीतरी फिरत होते असे अनुमान करावे लागते.

मूलकणांच्या परिवलनासंबंधीचे (स्पिनसंबंधीचे) सर्व ज्ञान याच स्वरूपाचे आहे. इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन फिरताना कोणी पाहिलेला नाही. एका कणाने दुसऱ्याला धडक दिली असता कण कोणत्या बाजूस किती विखुरतात, हे मोजावयाचे आणि त्यावरून परिवलनाचा भाग ओळखावयाचा, एवढाच मार्ग उपलब्ध आहे. मात्र साम्य येथेच संपते. दगडाची फिरकी मंदावते व थांबते. इलेक्ट्रॉनाचे परिवलन कधीही थांबत नाही, वाढत नाही अथवा घटत नाही. तो त्याच्या द्रव्यमानासारखाच किंवा विद्युत्-भारासारखाच अंगभूत गुण होय.

कणांची ऊर्जा जसजशी वाढत जाईल तसतसे परिवलनाचे महत्त्व कमी होत जाईल, अशी समजूत या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा बळावली आणि प्रयोगांनी ती पुनःपुन्हा खोडून काढली. या इतिहासात मुंबईत जन्मलेल्या व मुंबईतच संस्था उभारणाऱ्या होमी जहांगीर भाभा यांचे १९३६ सालचे आणि त्याच संस्थेतील भा. मा. उदगावकर यांचे १९६२ सालचे संशोधन यांना निश्चित स्थान आहे. ते स्थान कोणते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. काही मूलभूत कल्पना

उलेनबेक व गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनास स्वतःचा कोनीय संवेग असतो अशी कल्पना मांडली. त्याचे मूल्य प्लांक स्थिरांकाच्या नेहमीच्या एककात निम्मे, म्हणजे १/२ असते. कोणतीही एक दिशा निवडून तपासले असता परिवलन त्या दिशेस अनुकूल किंवा प्रतिकूल अशा दोनच अवस्थांत सापडते. १९२८ मध्ये डिरॅक यांनी पुंज यामिकी आणि सापेक्षता सिद्धांत यांची सांगड घालणारे समीकरण मांडले, तेव्हा परिवलन त्यातून आपोआप निष्पन्न झाले. ते वेगळे गृहीत धरण्याची गरज उरली नाही.

एखाद्या शलाकेतील बहुसंख्य कणांचे परिवलन एकाच दिशेस असेल तर ती शलाका ध्रुवित आहे असे म्हणतात. ध्रुवणाची कल्पना प्रकाशशास्त्रातून आलेली आहे. घोड नदीवरील धरणाच्या शांत पाण्यावरून तिरकस परावर्तित होणाऱ्या उन्हाची तिरीप अंशतः ध्रुवित असते. योग्य काचेतून पाहिल्यास व ती काच फिरविल्यास ती मंदावते. परावर्तनाने ध्रुवण निर्माण होते हे मालूस यांनी १८०८ मध्ये ओळखले होते. कणांच्या बाबतीत परावर्तनाची जागा प्रकीर्णन घेते.

परिवलनाची दिशा कणाच्या गतीच्या दिशेशी जुळत असेल तर त्या कणास उजवा आणि विरुद्ध असेल तर डावा म्हणता येईल. यातील एक बारकावा दौंडच्या प्रवाशास सहज उमजेल. पुण्याहून दौंड जंक्शनात येऊन मनमाडकडे निघणाऱ्या गाडीचे एंजिन अनेक वर्षे तेथे काढून दुसऱ्या टोकास लावावे लागे. पुण्यापासून गाडीच्या दिशेस तोंड करून बसलेला प्रवासी जागचा न हलताही दौंडनंतर पाठमोरा प्रवास करू लागे. त्याचप्रमाणे परिवलन तसेच राहून गतीची दिशा उलटली तर उजवा कण डावा ठरतो. मंद कणाच्या बाबतीत असे घडणे सोपे असते, कारण त्याच्यापेक्षा वेगाने जाणाऱ्या निरीक्षकास तो उलट जात असल्याचे दिसते. प्रकाशवेगाच्या निकट पोहोचलेल्या कणास मागे टाकणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून उच्च ऊर्जेस उजवेपण व डावेपण हे कणाचे टिकाऊ लक्षण बनते. ऊर्जा वाढल्याने परिवलनाचे महत्त्व कमी होण्याऐवजी त्याचे स्वरूप अधिक ठसठशीत होण्याचे हे एक मूळ कारण आहे.

३. मॉट यांचा मार्ग

मोकळ्या इलेक्ट्रॉनाचे परिवलन प्रत्यक्ष मोजता येईल काय, याविषयी आरंभीच्या काळात मोठी शंका होती. १९२२ मध्ये स्टर्न व गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंची शलाका विषम चुंबकीय क्षेत्रातून नेऊन ती दुभंगल्याचे दाखविले होते. परंतु तीच युक्ती विद्युत्-भारित अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनास लागू पडणार नाही, असे नील्स बोर यांचे प्रतिपादन होते. भारामुळे होणारे विचलन आणि अनिश्चिततेचे तत्त्व यांच्यापुढे परिवलनाचा सूक्ष्म परिणाम लपून जातो.

नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्ये या अडचणीतून मार्ग काढला. वेगवान इलेक्ट्रॉन जड अणुकेंद्राजवळून जाताना त्याचे परिवलन आणि त्याची कक्षीय गती यांच्यात परस्परक्रिया होते, त्यामुळे मोठ्या कोनातून प्रकीर्ण झालेले इलेक्ट्रॉन अंशतः ध्रुवित होतात. ते दुसऱ्या तशाच लक्ष्यावर आदळू दिल्यास डावीकडे व उजवीकडे जाणाऱ्यांची संख्या असमान होते. पहिले प्रकीर्णन ध्रुवण घडविते आणि दुसरे ते मोजते. १९३० नंतरच्या दशकातील प्रयोगांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी निघाले आणि डिरॅक यांच्या सिद्धांताविषयीच काहींच्या मनात संशय उत्पन्न झाला. १९४३ मध्ये क्लिफर्ड शल आणि त्यांचे सहकारी चेस व मायर्स यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यांवर ४ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे दुहेरी प्रकीर्णन घडवून अपेक्षित असमानता दाखविली. उपपत्तीपासून खात्रीलायक पडताळ्यापर्यंत १४ वर्षे गेली.

४. भाभा यांचा प्रश्न

याच काळात केंब्रिज येथे होमी भाभा कार्य करीत होते. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. एंजिनिअरीच्या शिक्षणासाठी केंब्रिजला गेलेले भाभा डिरॅक यांच्या प्रभावाने सैद्धांतिक भौतिकीकडे वळले. इलेक्ट्रॉनाचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन याचा शोध १९३२ मध्ये अँडरसन यांना विश्वकिरणांत लागला होता. डिरॅक यांच्या मते ऋण ऊर्जेच्या सर्व अवस्था इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या असतात व त्यांतील एखादी रिकामी जागा म्हणजेच पॉझिट्रॉन. ही कल्पना अनेकांना विचित्र वाटे. पॉझिट्रॉन हा खरोखर इलेक्ट्रॉनाशी असा अविभाज्य संबंध असलेला कण आहे, की तो केवळ उलट भाराचा एक स्वतंत्र कण आहे, याचा निर्णय कसा करावयाचा?

दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते तंतोतंत सारखे असल्याने आघातानंतर कोणता कोणता हे सांगता येत नाही. म्हणून गणितात अदलाबदलीचे पद धरावे लागते. सापेक्षता सिद्धांतास अनुसरून हे गणित म्योलर यांनी १९३२ मध्ये केले. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल? ते स्वतंत्र कण असतील तर अदलाबदलीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु पॉझिट्रॉन ही रिकामी जागा असेल तर आघात करणारा इलेक्ट्रॉनच त्या जागेत पडू शकतो, आणि मोकळ्या झालेल्या ऊर्जेतून भरलेल्या अवस्थांपैकी एक इलेक्ट्रॉन वर उचलला जाऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांची नवी जोडी उत्पन्न होते. अंतिम स्थितीत पुन्हा एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉनच दिसतात. म्हणून ही प्रक्रिया साध्या प्रकीर्णनापासून वेगळी काढता येत नाही आणि दोहोंचे परमप्रसर एकत्र मिळवावे लागतात. भाभा यांनी हे संपूर्ण गणित करून १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केले. अदलाबदलीच्या पदाचा परिणाम मंद गतीस नगण्य असला तरी प्रकाशवेगाशी तुल्य अशा वेगांस व मोठ्या कोनांस तो मोजण्याजोगा असतो, असे त्यांनी दाखविले. पुढे या प्रक्रियेस 'भाभा प्रकीर्णन' हे नाव रूढ झाले.

या निष्कर्षाचा परिवलनाशी असलेला संबंध आकड्यांनी स्पष्ट होतो. ऊर्जा अतिशय उच्च आहे आणि द्रव्यमानमध्य-निर्देशव्यूहात प्रकीर्णनाचा कोन ९० अंश आहे, असे समजू. सोयीस्कर एककात अदलाबदलीचे पद वगळल्यास दोघांची परिवलने परस्परविरुद्ध दिशांस असताना छेद ४ आणि एकाच दिशेस असताना १ येतो. दोहोंची बेरीज ५ होते. हे पद धरल्यास पहिला आकडा ४ च राहतो, कारण परस्परविरुद्ध परिवलनांची जोडी या ऊर्जेस एका फोटॉनात विलीन होऊन पुन्हा प्रकट होऊ शकत नाही. दुसरा आकडा मात्र १ वरून १/२ वर येतो. बेरीज ४ १/२ होते. म्हणजे अध्रुवित शलाकांनी प्रयोग केला तर दोन मतांमधील फरक अवघा दहा टक्के दिसतो. परंतु ध्रुवित शलाका व ध्रुवित लक्ष्य वापरले तर दोन छेदांचे गुणोत्तर एका मतानुसार ४ आणि दुसऱ्या मतानुसार ८ येते. बेरजेत जे जवळजवळ झाकलेले असते, ते ध्रुवणामुळे दुपटीच्या फरकाने उघडे पडते. ध्रुवित शलाकांसाठी पुढील अर्धशतकात एवढे श्रम व द्रव्य का खर्च झाले, याचे उत्तर या छोट्या हिशोबात आहे.

अध्रुवित कणांचा पडताळा १९५४ मध्ये कॉर्नेल येथे ॲशकिन, पेज व वुडवर्ड यांनी केला. त्यांची मापने म्योलर व भाभा या दोघांच्याही सूत्रांशी जुळली. यांपैकी ऑर्थर ॲशकिन यांना पुढे २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले; ते मात्र प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म कण धरून ठेवण्याच्या निराळ्या संशोधनाबद्दल होते.

५. परिवलनाचे समीकरण आणि समताभंग

१९३९ मध्ये भाभा भारतात आले असता युद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत असताना १९४१ मध्ये त्यांनी कॉर्बेन यांच्यासमवेत विद्युत्-चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या, परिवलनयुक्त कणाच्या गतीचा सर्वसाधारण सिद्धांत प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये त्यांनी कोणत्याही मूल्याचे परिवलन असलेल्या मूलकणांसाठी सापेक्षतानुसारी समीकरणे मांडली. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या वास्तूत आली. परिवलनाचा अक्ष चुंबकीय क्षेत्रात कसा फिरतो याचे सुटसुटीत समीकरण बार्गमान, मिशेल व टेलेग्डी यांनी १९५९ मध्ये दिले आणि वेगवर्धकांच्या रचनाकारांनी तेच स्वीकारले. या विचाराच्या वाटेवर १९२६ चे टॉमस यांचे आणि १९४१ चे भाभा-कॉर्बेन यांचे संशोधन हे महत्त्वाचे टप्पे आहेत.

१९५६ मध्ये ली व यांग यांनी दुर्बल परस्परक्रियेत डाव्या-उजव्यांची समता पाळली जाते काय, असा प्रश्न उपस्थित केला. पुढील वर्षी वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने ती पाळली जात नसल्याचे सिद्ध झाले. हा प्रयोगही मूलतः ध्रुवणाचाच होता : कोबाल्टाची अणुकेंद्रे अतिशीत तापमानास एका दिशेने ध्रुवित करून इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूस अधिक बाहेर पडतात ते पाहण्यात आले. दुर्बल क्रियेचे योग्य गणिती रूप १९५७ मध्ये सुदर्शन व मार्शाक यांनी सुचविले. त्यांपैकी ई. सी. जी. सुदर्शन हे अमेरिकेस जाण्यापूर्वी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच कार्य करीत होते.

म्यूऑनाच्या ऱ्हासातून निघणारे पॉझिट्रॉन उजवे आहेत की डावे, हे ठरविणे आता निकडीचे झाले. त्यासाठी भाभा प्रकीर्णनाचा उपयोग करण्यात आला. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी सरासरी सुमारे दोनांचे परिवलन चुंबकीकरणाने एका दिशेस वळविता येते. अशा लोखंडी पत्र्यावर पॉझिट्रॉन सोडावयाचे, चुंबकीकरणाची दिशा उलटवावयाची आणि प्रकीर्ण झालेल्या कणांच्या संख्येत पडणारा फरक मोजावयाचा. लक्ष्याचे ध्रुवण जेमतेम आठ टक्के असल्याने फरक लहानच पडतो, पण छेदांतील मूळ तफावत मोठी असल्याने तो ओळखता येतो. पॉझिट्रॉनाचे स्वरूप जाणण्यासाठी १९३६ मध्ये केलेले गणित अशा रीतीने वीस-पंचवीस वर्षांनी पॉझिट्रॉनाचे ध्रुवण मोजण्याचे साधन झाले.

६. रेजे-ध्रुव आणि उदगावकर

प्रोटॉन, पायॉन यांसारख्या प्रबल परस्परक्रिया असणाऱ्या कणांच्या बाबतीत मात्र डिरॅक किंवा भाभा यांच्यासारखे पायरीपायरीने गणित करणे शक्य नव्हते. १९५९ मध्ये इटालियन भौतिकीविज्ञ तुल्लिओ रेजे यांनी एक निराळा विचार मांडला : कोनीय संवेग हा पूर्णांकच असतो असे न मानता गणितापुरते त्यास कोणतेही मूल्य घेऊ द्यावे. च्यू, फ्राउची इत्यादींनी हा विचार उच्च ऊर्जेच्या प्रकीर्णनास लावला. यानुसार निरनिराळ्या परिवलनांचे कण हे एकाच रेषेवरील बिंदू ठरतात. आज ज्ञात असलेल्या कणांचे उदाहरण घेतले तर परिवलन १, २ व ३ असलेल्या, ऱ्हो-कणाच्या कुळातील तीन कणांच्या द्रव्यमानांचे वर्ग (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एककात) अनुक्रमे सुमारे ०.६, १.७ व २.९ आहेत. हे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा मागे वाढविली असता शून्य द्रव्यमानास परिवलनाचे मूल्य सुमारे १/२ मिळते. अशा मूल्याचा कण त्या कुळात अस्तित्वात नाही. परंतु उच्च ऊर्जेस छेद कोणत्या गतीने बदलतो, हे तोच आकडा ठरवितो.

या विचारास आकार येत असतानाच भा. मा. उदगावकर (१९२७–२०१४) यांनी त्यात भाग घेतला. १९६२ मध्ये त्यांनी रेजे-ध्रुवांच्या आधारे एकूण छेदांच्या उच्च ऊर्जेच्या वर्तनाची चर्चा केली. त्याच वर्षी मरी गेल-मान यांच्यासमवेत अणुकेंद्रांवरील प्रकीर्णन हे या सिद्धांताची कसोटी कसे होऊ शकेल, ते दाखविले. कण व प्रतिकण यांच्या छेदांतील तफावत ऊर्जेबरोबर घटत जावी, अशी या सिद्धांताची अपेक्षा होती. वरील १/२ हा आकडा घेतल्यास शलाकेची ऊर्जा शंभरपट झाली असता तफावत दहाव्या हिश्श्यावर यावयास हवी. पुढील दशकांतील मापनांचा कल याच दिशेचा निघाला.

ध्रुवणाने मात्र या सिद्धांताची अधिक कडक परीक्षा घेतली. ऋणभारित पायॉन प्रोटॉनावर आदळून उदासीन पायॉन व न्यूट्रॉन बाहेर पडण्याच्या प्रक्रियेत एकाच, ऱ्हो-कणाच्या, रेजे-ध्रुवाचे प्राबल्य असावयास हवे. परिवलन तसेच ठेवणारा आणि परिवलन उलटविणारा असे येथे दोन परमप्रसर असतात. ध्रुवण निर्माण होण्यासाठी त्यांच्या कलांमध्ये फरक असावा लागतो. एकच ध्रुव असेल तर दोहोंची कला एकच येते आणि ध्रुवण शून्य होते. ऊर्जेनुसार व कोनानुसार छेद कसा बदलतो, हे सिद्धांताने उत्तम सांगितले होते. तथापि १९६६ मध्ये सर्न येथे ध्रुवित लक्ष्य वापरून केलेल्या प्रयोगात ध्रुवण शून्य नसल्याचे स्पष्ट दिसले. एका ध्रुवाचे चित्र अपुरे होते; अनेक आघातांचे परिणाम व दुय्यम ध्रुव त्यात मिळविणे भाग पडले. सिद्धांत खोटा ठरला नाही, पण त्याची मर्यादा कोठे आहे हे ज्या मापनाने दाखविले ते परिवलनाचे होते.

उदगावकरांच्या कार्याची दुसरी बाजूही नमूद करणे अवश्य आहे. विज्ञानशिक्षणाचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. विज्ञान सामान्य जनांच्या भाषेत पोहोचले पाहिजे, या आग्रहामागे उच्च ऊर्जेच्या भौतिकीत स्वतः काम केलेला संशोधक उभा होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

७. अपेक्षाभंगांची मालिका

१९७० च्या सुमारास सर्वसाधारण मत असे होते की, टकरींची ऊर्जा पुरेशी वाढली की अनेक कण उत्पन्न होतील, असंख्य शक्यता एकमेकींत मिसळतील आणि परिवलनाचे परिणाम सरासरीत नाहीसे होतील. १९७३ मध्ये अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेच्या शून्य-प्रवणता सिंक्रोट्रॉनात उच्च ऊर्जेची ध्रुवित प्रोटॉन-शलाका प्रथमच मिळविण्यात आली. १९७८ मध्ये ॲलन क्रिश यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे १२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेस व ९० अंशांच्या प्रकीर्णनात, परिवलने समांतर असलेल्या प्रोटॉनांचा छेद प्रतिसमांतर असलेल्यांच्या जवळजवळ चौपट निघाला. क्वार्कांच्या अदलाबदलीवर आधारलेल्या साध्या हिशोबाने हे गुणोत्तर २ यावयास हवे होते. या विसंगतीचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्यापि मिळालेले नाही.

त्यापूर्वी १९७६ मध्ये फर्मी प्रयोगशाळेत ३०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे अध्रुवित प्रोटॉन बेरिलियमावर सोडले असता उत्पन्न झालेले लॅम्डा-कण लक्षणीय प्रमाणात ध्रुवित असल्याचे आढळले होते. १९७८ मध्ये स्टॅनफर्ड येथे प्रेस्कॉट, टेलर प्रभृतींनी ध्रुवित इलेक्ट्रॉन ड्यूटेरियमावर सोडून उजव्या व डाव्या इलेक्ट्रॉनांच्या छेदांत दहा हजारात सुमारे एक भाग एवढा सूक्ष्म फरक दाखविला आणि विद्युत्-चुंबकीय व दुर्बल क्रियांच्या एकीकरणाच्या सिद्धांतास बळकटी आणली. अखेरीस १९८७–८८ मध्ये सर्न येथील युरोपीय म्यूऑन गटाने ध्रुवित म्यूऑन ध्रुवित प्रोटॉनांवर प्रकीर्ण करून सर्वांत धक्कादायक निष्कर्ष काढला : प्रोटॉनाच्या परिवलनात क्वार्कांच्या परिवलनाचा वाटा अतिशय अल्प आहे. पुढील मापनांनी तो सुमारे तीस टक्क्यांवर स्थिर झाला. उरलेला भाग ग्लुऑन आणि आतील कक्षीय गती यांत शोधावा लागतो. त्यासाठी ब्रुकहेवन येथे २००१ पासून दोन ध्रुवित प्रोटॉन-शलाकांच्या टकरी घडविण्यात आल्या व त्यांतून ग्लुऑनांचाही वाटा असल्याचे दिसून आले. सर्व वाट्यांची बेरीज नेमकी १/२ कशी होते, याचा तपशील मात्र पूर्ण झालेला नाही.

८. मापदंड म्हणून भाभा प्रकीर्णन

सर्न येथील लेप हे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र १९८९ ते २००० या काळात कार्यरत होते. त्यावरील एल-३ या प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गट सहभागी होता. अशा यंत्रात किती टकरी घडल्या हे जाणण्यासाठी एखादी अशी प्रक्रिया लागते की जिचा छेद गणिताने अचूक ठाऊक आहे. लहान कोनांचे भाभा प्रकीर्णन हीच ती प्रक्रिया होय. लहान कोनांस अदलाबदलीचे पद नगण्य ठरते आणि छेद इतका मोठा असतो की मोजणीस तोटा पडत नाही. संस्थापकाच्या नावाची प्रक्रिया त्याच्याच संस्थेतील पुढील पिढीच्या प्रयोगात माप म्हणून वापरली गेली.

शलाकेची ऊर्जा ठरविण्याचे कामही ध्रुवणानेच केले. साठवण-कड्यात फिरणारे इलेक्ट्रॉन किरणोत्सर्जनामुळे हळूहळू आपोआप ध्रुवित होतात. त्यांच्या परिवलनाचा अक्ष एका फेरीत किती वेळा फिरतो हे केवळ ऊर्जेवर अवलंबून असते. झेड-कणाच्या निर्मितीस लागणाऱ्या, सुमारे ४५.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेस ही संख्या सुमारे १०३ १/२ येते. योग्य वारंवारतेचे क्षेत्र लावले की ध्रुवण नष्ट होते व त्यावरून ऊर्जा कळते. या अचूकतेमुळे चंद्राच्या आकर्षणाने भूपृष्ठास येणारी भरती, तसेच जवळून जाणाऱ्या विद्युत् रेल्वेगाड्यांच्या प्रवाहाची जमिनीतील गळती, यांचाही परिणाम हिशोबात धरावा लागला. झेड-कणाचे द्रव्यमान अखेर ९१.१८७६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट असे ठरले व त्यातील अनिश्चितता लक्षात सुमारे दोन भाग एवढीच राहिली.

ध्रुवणाचे मापन पुणे जिल्ह्यासही अपरिचित नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे याच संस्थेने उभारलेल्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शकाच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ तरंगांची तीव्रता व त्यांचे ध्रुवण या दोहोंची नोंद घेतात. तेथे ते ध्रुवण दूरच्या चुंबकीय क्षेत्रांची माहिती देते. साधने व विषय निराळे असले तरी पद्धतीचे मर्म एकच आहे : केवळ किती आले हे मोजणे पुरेसे नसते, ते कोणत्या दिशेची खूण घेऊन आले हेही विचारावे लागते.

९. समारोप

वरील इतिहासातून एक गोष्ट निःसंशय दिसते. मॉट, भाभा, रेजे-ध्रुवांचे पुरस्कर्ते आणि पुढे क्वार्क-सिद्धांताचे अभ्यासक यांच्या उपपत्ती छेदांच्या सरासरीने तपासल्या तेव्हा त्यांतील भेद पुसट राहिले. परिवलनाने तपासल्या तेव्हा ते स्पष्ट झाले. कोठे ध्रुवणाने सिद्धांतास दुजोरा दिला, कोठे त्याची अपूर्णता दाखविली. पण कोठेही ते अप्रस्तुत ठरले नाही. सरासरी काढल्याने ज्या गोष्टी नाहीशा झाल्यासारख्या वाटतात, त्या वस्तुतः नाहीशा झालेल्या नसतात, हा धडा भौतिकीस या विषयाने दिला.

शिरूर व दौंड येथील महाविद्यालयांतून भौतिकीचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यास हा विषय दूरच्या प्रचंड यंत्रांचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ९० अंशांच्या भाभा प्रकीर्णनात ४ व १/२ हे आकडे कसे येतात, हे पदवीनंतरच्या अभ्यासक्रमातील गणिताने कागदावर काढून पाहता येते. त्यास वेगवर्धक लागत नाही. १९३६ मध्ये भाभा यांनीही ते कागदावरच काढले होते. कुकडीच्या पात्रातील खळगा पाहून फिरत्या दगडाचे अनुमान करणे आणि विखुरलेल्या कणांच्या मोजणीवरून न दिसणाऱ्या परिवलनाचे अनुमान करणे, या दोहोंत श्रमाचा फरक फार मोठा आहे. विचाराची दिशा मात्र तीच आहे.